जुना बॉयलर काढायला जर्मनी देतंय २१ हजार युरोपर्यंत मदत. पण क्रम चुकला तर हातात शून्य!

घरातली गरम पाण्याची जुनी यंत्रणा काढा, नवी बसवा आणि खर्चातला मोठा वाटा सरकारकडून घ्या. ऐकायला ही एकदम फायद्याची स्कीम वाटते. जर्मनीत २०२४ पासून अशी स्कीम सुरू आहे. एका घरासाठी जास्तीत जास्त २१ हजार युरो, म्हणजे एक युरो साधारण १०० रुपयांचा धरला तर जवळपास २१ लाख रुपये!

पण या स्कीमची खरी गोम नवीन मशीन बसवण्यात नाही, ती जुनं मशीन काढण्यात आहे. ते कधी काढलं, कोणी काढलं, काढताना ते चालू होतं की बंद पडलेलं होतं आणि काढल्यावर त्याचं काय केलं, यावर किती पैसे मिळणार हे ठरतं. आधी बॉयलर उपटला आणि मग अर्ज केला, तर एक युरोही मिळत नाही.

जर्मनीत नोकरीसाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबं आता तिथे घरं घेतायत. स्वस्तात मिळणारं घर बहुतेक वेळा जुनं असतं आणि त्याच्या तळघरात तेलाची टाकी असते. त्यामुळे हा विषय फक्त जर्मन आजी-आजोबांचा राहिलेला नाही. नेमकं प्रकरण काय आहे, टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

तळघरात नेमकं असतं काय?

महाराष्ट्रात घर गरम करायची गरजच पडत नाही. फार तर आंघोळीला गीझर, नाहीतर गावाकडे बंब. जर्मनीत मात्र वर्षातले सहा-सात महिने घर तापवावं लागतं. त्यासाठी तळघरात एक मोठा बॉयलर असतो. तो गॅसवर किंवा तेलावर पाणी तापवतो, ते पाणी पाइपातून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि थंड होऊन परत येतं. थोडक्यात, अख्ख्या घरासाठी एकच मोठा बंब.

जर्मनीतली जवळपास निम्मी घरं गॅसवर आणि साधारण पाव घरं तेलावर तापतात. तेल म्हणजे डिझेलसारखंच इंधन. वर्षातून एकदा टँकर येतो, भिंतीबाहेरच्या नळीला पाइप लावतो आणि तळघरातल्या टाकीत हजारो लिटर तेल भरून जातो. काही घरांमध्ये ही टाकी बागेत जमिनीखाली पुरलेली असते.

सरकारला हे बॉयलर का नकोत?

पहिलं कारण हवामानाचं. जर्मनीने २०४५ पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं ठरवलंय. तेल आणि गॅसचे बॉयलर तळघरात तसेच राहिले, तर हे गणित जुळत नाही.

दुसरं कारण युद्धाचं. २०२१ मध्ये जर्मनीला लागणाऱ्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस रशियातून येत होता. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅसचा पुरवठा आटला आणि बिलं गगनाला भिडली. घर तापवण्यासाठी दुसऱ्या देशाच्या मर्जीवर राहणं किती महाग पडतं, हे तेव्हा घराघरात कळलं.

म्हणून २०२३ मध्ये तेव्हाचे अर्थ आणि हवामानमंत्री रॉबर्ट हाबेक यांच्या मंत्रालयाने इमारत ऊर्जा कायद्यात बदल सुचवला. नव्याने बसणारी हीटिंग यंत्रणा किमान ६५ टक्के नूतनीकरणक्षम ऊर्जेवर चालली पाहिजे, असा तो नियम. मसुदा बाहेर फुटला आणि देशभर रान पेटलं. सरकार घरात घुसून बॉयलर उपटून नेणार, अशी भीती पसरली. मामला घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला. खासदारांना विधेयक वाचायला पुरेसा वेळ मिळाला नाही म्हणून न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये मतदान थांबवलं. शेवटी ८ सप्टेंबर २०२३ ला ते संसदेत मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झालं.

मग चालू बॉयलर काढणं सक्तीचं आहे का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. २०२४ च्या कायद्याने चालू बॉयलर काढायला सांगितलं नाही. तो चालवता येतो आणि बिघडला तर दुरुस्तही करता येतो. ६५ टक्क्यांचा नियमसुद्धा जुन्या घरांना एका रात्रीत लावला नाही. आधी शहराने स्वतःचा हीटिंगचा आराखडा करायचा, असं ठरलं. त्यासाठी एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना २०२६ च्या मध्यापर्यंत आणि बाकीच्या गावांना २०२८ च्या मध्यापर्यंत मुदत दिली.

३० वर्षांहून जुने, एकाच तापमानावर चालणारे बॉयलर बंद करण्याचा नियम आहे, पण तो आधीपासूनच होता. त्यातही सूट आहे. एक किंवा दोन कुटुंबांच्या घरात जो मालक फेब्रुवारी २००२ च्या आधीपासून स्वतः राहतोय, त्याला तो लागू होत नाही. पण अशा मालकाने घर विकलं, तर नव्या मालकाला दोन वर्षांत तो बॉयलर बदलावा लागतो. जुनं घर विकत घेणाऱ्यांनी हा मुद्दा आधी तपासावा, कारण घराच्या किमतीत हा खर्च दिसत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या नव्या आघाडी सरकारने तर हा कायदाच बदलण्याचं आपल्या करारात लिहिलंय. म्हणजे सक्तीचा भाग राजकारणात हेलकावे खातोय. अनुदान हा त्यापासून वेगळा विषय आहे. पुढचे सगळे आकडे २०२४ मध्ये सुरू झालेल्या अनुदानाचे आहेत. अर्ज करण्याआधी त्या दिवशीचे नियम बघणं गरजेचं आहे.

पैसे मिळतात तरी किती?

हे अनुदान केएफडब्ल्यू ही सरकारी बँक देते. त्याचे चार थर आहेत.

१. मूळ अनुदान ३० टक्के. हीट पंप, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी यंत्रणा, सोलर हीटिंग, शहराच्या सामायिक हीटिंगची जोडणी अशा पर्यायांना ते मिळतं.

२. लवकर बदलण्याचा बोनस २० टक्के. हा फक्त स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला मिळतो. २०२८ च्या अखेरीपर्यंत तो २० टक्के आहे, त्यानंतर कमी होत जाणार असं ठरलंय.

३. उत्पन्नाचा बोनस ३० टक्के. कुटुंबाचं करपात्र उत्पन्न वर्षाला ४० हजार युरोपर्यंत असेल तर. हाही स्वतः राहणाऱ्या मालकालाच.

४. जास्त कार्यक्षम हीट पंपासाठी ५ टक्के.

बेरीज काहीही झाली तरी कमाल मर्यादा ७० टक्के. आणि एका घरासाठी खर्च धरला जातो तो जास्तीत जास्त ३० हजार युरो. म्हणून वरची सीमा २१ हजार युरो.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे जुना बॉयलर काढण्याचा, तेलाची टाकी साफ करून बाहेर नेण्याचा खर्चही याच ३० हजारांत धरता येतो. अनेकांना हे माहीतच नसतं आणि टाकीचं बिल ते वेगळं, स्वतःच्या खिशातून भरतात.

जुना बॉयलर चालू असण्याला इतकं महत्त्व का?

लवकर बदलण्याच्या २० टक्के बोनससाठी दोन मोठ्या अटी आहेत.

पहिली अट, जुनी यंत्रणा चालू स्थितीत असली पाहिजे. तेल, कोळसा, एका फ्लॅटपुरता गॅस बॉयलर किंवा रात्रीच्या विजेवर तापणारा हीटर असेल तर वयाची अट नाही. मुख्य गॅस बॉयलर मात्र किमान २० वर्षं जुना लागतो.

दुसरी अट, ही जुनी यंत्रणा तज्ज्ञांकडून रीतसर काढून तिची योग्य विल्हेवाट लावली पाहिजे. काम झाल्याचा दाखला तज्ज्ञ कंपनीकडून लागतो. 'राहू दे कोपऱ्यात, कधी गरज पडली तर' हे इथे चालत नाही.

पहिल्या अटीमागचा विचार साधा आहे. बंद पडलेला बॉयलर माणूस तसाही बदलणारच. सरकारला बोनस द्यायचाय तो वेळेआधी बदलणाऱ्याला. पण याचा परिणाम उलटा वाटतो. 'चालतोय तोवर चालवू' म्हणणारा माणूस ऐन जानेवारीत बॉयलर बसला की कडाक्याच्या थंडीत अडकतो आणि वर बोनसही धोक्यात घालतो.

आकड्यांत बघू

समजा १९८५ चं एक घर आहे. तळघरात तेलाचा बॉयलर आणि टाकी. हीट पंप, वायरिंग, दोन-तीन मोठे रेडिएटर आणि टाकी काढणं धरून एकूण खर्च ३६ हजार युरो. मालक स्वतः तिथे राहतात. अनुदानासाठी यातले ३० हजार धरले जातील.

– बॉयलर चालू, अर्ज वेळेत: ३० अधिक २० म्हणजे ५० टक्के. मिळणार १५ हजार युरो.
– तसंच घर, पण उत्पन्न ४० हजारांच्या आत: बेरीज ८० होते, मर्यादा ७०. मिळणार २१ हजार.
– बॉयलर कायमचा बंद पडलेला आणि उत्पन्न जास्त: फक्त ३० टक्के. मिळणार ९ हजार.
– अर्जाआधीच जुनं काढून नवं बसवलं: शून्य.

घर तेच, मशीन तेच, खर्चही तेवढाच. फक्त क्रम बदलला की १५ ते २१ हजार युरोंचा फरक पडतो. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्यासाठी ही काही वर्षांची बचत असते.

मग योग्य क्रम कोणता?

१. आधी सल्ला घ्या. जर्मनीतल्या ग्राहक केंद्रांमध्ये कमी पैशांत स्वतंत्र ऊर्जा सल्लागार मिळतो. तो कुठल्याही कंपनीचा माल विकत नाही.

२. दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्या. त्यात जुनं काढण्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून मागा.

३. कंपनीसोबत करार करा, पण 'अनुदान मंजूर झालं तरच हा करार लागू' अशी अट त्यात लेखी हवी. कामाची अंदाजे तारीखही हवी. हे कलम नसेल तर अर्ज अडकतो.

४. कंपनी किंवा ऊर्जा सल्लागाराकडून अर्जासाठीचा दाखला घ्या आणि केएफडब्ल्यूच्या पोर्टलवर अर्ज करा.

५. मंजुरी आली की काम सुरू. काम संपवायला ३६ महिने मिळतात. अर्ज केल्यावर मंजुरीआधी काम सुरू करता येतं, पण मग मंजुरी नाकारली तर जबाबदारी मालकाची.

६. काम झाल्यावर कंपनीचा दुसरा दाखला आणि बिलं जमा करा. त्यानंतर पैसे खात्यात येतात.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. पैसे शेवटी येतात. म्हणजे ३६ हजारांची सोय आधी स्वतःला करावी लागते. टक्केवारी बघून खूश होणाऱ्या अनेकांचं गणित इथे चुकतं. ज्यांच्याकडे तेवढी रोकड नाही, त्यांच्यासाठी केएफडब्ल्यूची पूरक कर्ज योजना आहे.

आणि बॉयलर अचानक बंदच पडला तर? घाबरून मिळेल तो नवा बॉयलर बसवू नका. तात्पुरती हीटिंग यंत्रणा भाड्याने मिळते आणि तिचं भाडंही अनुदानाच्या खर्चात धरता येतं. तेवढ्या वेळात क्रमाने अर्ज करता येतो.

काढायचं म्हणजे नुसतं भंगारात द्यायचं का?

बॉयलर तसा सोपा असतो. पाणी रिकामं करायचं, वीज आणि इंधनाची लाइन तोडायची आणि तुकडे करून बाहेर काढायचं. लोखंड भंगारात जातं. खरा प्रश्न टाकीचा.

तेल संपलं तरी टाकीच्या तळाला गाळ राहतो. तो घातक कचरा असतो, गटारात किंवा मातीत सोडता येत नाही. आधी उरलेलं तेल शोषून घेतात, मग गाळ काढतात, टाकी आतून धुतात आणि आत ज्वलनशील वाफ उरली नाही ना हे मोजतात. त्यानंतरच ती कापायची. अनेक जुन्या लोखंडी टाक्या तळघरातच वेल्डिंग करून बनवलेल्या असतात. त्या दारातून बाहेर निघतच नाहीत, तिथेच तुकडे करावे लागतात. वाफ नीट काढली नाही आणि ठिणगी पडली, तर स्फोट होऊ शकतो.

म्हणूनच एक हजार लिटरहून मोठी टाकी बंद करण्याचं काम नोंदणीकृत तज्ज्ञ कंपनीलाच करावं लागतं. जमिनीखालची टाकी असेल तर स्वतंत्र तपासनीसही येतो. अशी टाकी प्रत्येक वेळी उकरून काढावीच लागते असं नाही. साफ करून, वाळूसारख्या पदार्थाने भरून ती तिथेच ठेवता येते.

इतकी काळजी का, याचं उत्तर जुलै २०२१ च्या पुरात मिळालं. आर नदीच्या खोऱ्यात पाणी तळघरांत शिरलं, तेलाच्या टाक्या पाण्यावर उचलल्या गेल्या, फुटल्या आणि तेल चिखलात मिसळून भिंतींत मुरलं. पाणी ओसरल्यावरही अनेक घरं त्या तेलामुळे राहण्यालायक उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे भिंतीबाहेरची तेल भरायची नळी. टाकी काढली पण नळी तशीच ठेवली, तर टँकरवाला चुकीच्या पत्त्यावर येऊन थेट रिकाम्या तळघरात तेल सोडू शकतो. अशा घटना जर्मनीत घडल्या आहेत. नळी काढून भोक बुजवणं हे टाकी काढण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

रात्रीच्या विजेवर तापणारे जुने हीटर असतील, तर धोका वेगळा. १९७० च्या दशकातल्या अनेक हीटरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस आहे. ते घरात उघडायचे नाहीत. प्रशिक्षित लोक ते न उघडता, पॅक करून नेतात. पैसे वाचवायला स्वतः स्क्रू खोलणं म्हणजे फुप्फुसाशी खेळणं.

शेवटी धुराड्याची तपासणी करणाऱ्या अधिकृत माणसाला यंत्रणा बंद केल्याचं कळवावं लागतं. नाहीतर त्याच्या नोंदीत तो बॉयलर चालूच राहतो.

जुने रेडिएटरही काढावे लागतात का?

बहुतेक वेळा नाही. हीट पंप फ्रीजसारखा चालतो, फक्त उलटा. फ्रीज आतली उष्णता बाहेर फेकतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता आत आणतो. त्याला फार तापलेलं पाणी द्यायला लावलं तर वीज जास्त लागते. म्हणून नियम असा सांगितला जातो की ऐन थंडीत ५५ अंशांच्या पाण्यावर घर पुरेसं गरम राहत असेल, तर ते घर हीट पंपासाठी तयार आहे.

हे तपासायला खर्च नाही. थंडीच्या दिवसांत जुन्या बॉयलरचं तापमान ५५ वर आणायचं आणि कुठली खोली थंड पडते ते बघायचं. त्या खोलीतलाच रेडिएटर बदलायचा. पण ही चाचणी जुना बॉयलर जागेवर असतानाच करता येते. तो काढण्याआधीचा हिवाळा म्हणून महत्त्वाचा.

फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांतल्या हीट पंपांची मोजणी केली. हवेवर चालणाऱ्या पंपांनी एक युनिट विजेतून सरासरी ३.१ युनिट उष्णता दिली. मात्र नीट न बसवलेला पंप यापेक्षा बराच खाली जातो आणि मग विजेचं बिल अंगावर येतं.

न बदलता तसंच चालवलं तर?

चालेल, पण हळूहळू महाग होत जाईल. जर्मनीत इंधनावर कार्बनची किंमत लागते. २०२१ मध्ये ती टनाला २५ युरो होती, २०२५ मध्ये ५५ युरो झाली. एक लिटर तेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ५५ युरोच्या दराने लिटरमागे करासह साधारण १७ सेंट. वर्षाला २००० लिटर तेल लागणाऱ्या घराला फक्त याचेच सुमारे ३५० युरो जातात, तेलाची किंमत वेगळी.

भाड्याने राहणाऱ्यांचं काय?

जर्मनीतली निम्म्याहून जास्त माणसं भाड्याच्या घरात राहतात, तिथली बहुतेक मराठी कुटुंबंही. बॉयलर बदलायचा की नाही हे घरमालक ठरवतो, पण खर्चाचा काही भाग भाड्यात येऊ शकतो. मालकाने अनुदान घेतलं असेल, तर ती रक्कम आधी वजा करावी लागते. उरलेल्या खर्चातून देखभालीचा वाटा वजा करून वर्षाला १० टक्के भाड्यात टाकता येतो. या नियमाने होणारी भाडेवाढ सहा वर्षांत महिन्याला चौरस मीटरमागे ५० सेंटच्या वर जाऊ शकत नाही. ७० चौरस मीटरच्या घराला म्हणजे जास्तीत जास्त ३५ युरो. कामाची सूचना तीन महिने आधी लेखी मिळायला हवी. भाडेवाढीचं पत्र आलं, तर त्यात अनुदान वजा केलंय का हे आधी बघायचं.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

टाकीत तेल भरून घेण्याआधी बदलण्याचा विचार पक्का करा, नाहीतर हजार लिटर तेल पुन्हा बाहेर काढायला पैसे मोजावे लागतात. शक्य असेल तर काम उन्हाळ्यात करा. करारात अनुदानाची अट लिहून घ्या. जुन्या यंत्रणेचे फोटो, तिची माहिती असलेली पट्टी आणि विल्हेवाटीच्या पावत्या जपून ठेवा. आणि स्वस्तात काम करून देतो, उद्याच जुना बॉयलर उचलून नेतो असं कोणी म्हणालं, तर त्याला एकच प्रश्न विचारा: अर्ज मंजूर झालाय का? तोवर तो बॉयलर जिथे आहे तिथेच राहू द्या.